घुंगरमाळ दोनदा काढली

पास्कूदादा, बटाट्याच्या गळ्यातली घुंगरमाळ मी काढली. आधी तेच सांगून टाकतो. नायतर मी नेहमीसारखा निर्मळला जायला निघनार, वसईला पोचनार, आनि तू बोलनार, नाम्या, मुद्द्यावर ये.

वयनी बोलली, तुला जाऊन महिना होतो त्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, वाटायला तुझं आठवनीचं कार्ड छापायचं हाय, त्यात तुझ्या पन चार ओळी टाकू. मी बोललो, वयनी, माझी शाळा दुसरीपर्यंत, ती पन मास्तरांना डुलकी लागायची म्हनून. तर तिने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. बोलली, तू बोल, तो लिवतो. म्हनून मी चिकूखाली बसून मोबाइलशी बोलतोय आनि सासूबाई लांबून माझ्याकडे बघतेय. तिला वाटत असनार, लागलं याला शेवटी याड.

कार्ड वाचनाऱ्यांना सांगायला पायजे, सासूबाई म्हंजे घोडी. नायतर लोक बोलतील, नाम्याचं लग्न कधी झालं.

लग्नावरून आठवलं. आपन दोघांनी किती नवरे पोचवले रे. तू पुढे बँडमध्ये ट्रंपेट वाजवत, मी मागे शेठचा लगाम धरून, आनि शेठच्या पाठीवर घामाने भिजलेला कोनीतरी नवरदेव. सगळ्यांची लग्नं लागली, माझं सोडून. तू बोलायचास, नाम्या, तू घोड्याच्या चुकीच्या बाजूला उभा ऱ्हातोस. शेठ तेव्हा कसला दिसायचा. पांढराशुभ्र, डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरमाळ. बँड सुरू झाला की मला ओढायला लागायचं नाय. दोन पावलं, थांबा, दोन पावलं, थांबा. मीच चुकायचो. माझ्या पायावर त्याचा खूर किती वेळा पडलाय ते माझी नखं सांगतील. ऱ्हायलीत ती.

मंग शेठचे डोळे पांढरे व्हायला लागले. मालक बोलला, जो नेईल त्याला देऊन टाकतो. मी बाजूलाच उभा होतो, मला वाटलं मी पन त्यातच आलो. तू ट्रंपेट पिशवीत घातलीस आनि आमाला दोघांना नंदाखालला वाडीत घेऊन आलास. वयनीने विचारलं, हे काय. तू बोललास, एकाला दिसत नाय, एकाला कळत नाय, जोडी चांगली हाय.

दादा, असं बोलून मला कोनी घरी नेलं नव्हतं. मी तेव्हा हसलो. मला दुसरं काय येतं.

पयल्या आठवड्यातच मी तुझी लाज काढली. शेठच्या मागच्या दाढा गेलेल्या, हे मला काय माहीत. एवढी वर्षं लगाम धरला, पन तोंडात कधी बघितलं नाय. त्याच्यापुढे गवत टाकलं, तो बिचारा चघळत बसला आनि गवताचे ओले ओले गोळे खाली टाकायला लागला. मी बघितलं आनि धावत सुटलो. तुमच्याकडे अंगनात रोझरी चालू होती, सगळी आळी बसलेली. मी मधे जाऊन बोललो, दादा, शेठ तोंडातून हगतोय. तू रोझरी हातात घेऊन उठलास, मागे सगळी बायामानसं. तू एक गोळा उचललास, फोडून दाखवलास, बोललास, चावता येत नाय रे त्याला, गिळता पन येत नाय, मंग टाकतो. आनि मंग तू असा हसलास की फादरच्या कानावर गेलं. त्यानंतर मी कधी चर्चच्या बाजूने गेलो की पोरं विचारायची, नामदेवकाका, आज कुठून.

तेव्हापासून शेठचं जेवन वेगळं झालं. कोंडा भिजवायचा, थोडा गूळ, वाडीतली पिकून काळी पडलेली केळी सालासकट कुस्करायची. मला सैपाक येत नाय, पन ते मला यायला लागलं. वयनी बोलायची, स्वतःसाठी कधी एवढं कालवलंस का.

तोवर दोघं आनखी आली होती. तू घोडा पाळतोस हे कळल्यावर लोकांनी आपापली नको झालेली जनावरं तुझ्या दारात आनून सोडली. दर्यावर पोरांना फिरवून पाय गेलेली ती सासूबाई, आनि बटाटा, तो बुटका तट्टू, ज्याला कोनी सोडला तेच आजवर कळलं नाय. सासूबाईने आल्या आल्या वाडी ताब्यात घेतली. शेठची बादली ठेवली की ही कान मागे टाकून पुढे, आनि शेठ बाजूला. म्हातारा, अर्धा आंधळा, त्यात भिडस्त. बादली चाटून पुसून सासूबाई खायची आनि शेठच्या बरगड्या दिसायला लागल्या.

आपलं पयलं भांडन त्याच्यावरून. मी बोललो, सोपं हाय, शेठला शेडमधे कोंडून जेवू घालू. तू बोललास, नाय. मी बोललो, का नाय. तू बोललास, "कळपातलं जनावर एकटं जेवत नाय, नाम्या. त्याला दिसत नसंल, पन बाजूला कोन चावतंय ते ऐकायला पायजे."

मी बोललो, मी एवढी वर्षं एकटा जेवतो, मला काय झालं.  त्या दिवसापासून माझं ताट तुमच्या ओट्यावर आलं. मी कधी त्याबद्दल थँक्यू बोललो नाय. वयनी आमटीत मीठ कमी टाकते एवढंच बोललो.

शेवटी तू चिकूभोवती दोरी बांधलीस. आत शेठ आनि त्याची बादली, बाहेर सुकं गवत आनि दोघं, आनि दोरीपाशी राखनीला मी. सासूबाईने दोरी मानली. मला नाय मानलं. दुसऱ्याच दिवशी मागून चावली. वयनीकडे पँटला लावायला खाकी कापड नव्हतं, तिने जुन्या पडद्याचं ठिगळ लावलं. वाडीत मी एकटाच, ज्याच्या मागे गुलाब होता.

मंग शेठला अजिबातच दिसेनासं झालं. नारळाला जाऊन आदळायचा, केळीत अडकायचा. तू त्याची लग्नातली घुंगरमाळ काढलीस, घासूनपुसून बटाट्याच्या गळ्यात बांधलीस. मी बोललो, याला कशाला, याचं काय लग्न हाय. तू बोललास, बघ. बटाटा पुढे, छुनछुन, आनि शेठ मागे, नाक बटाट्याच्या पाठीला टेकवून. आनि बटाटा, जो मी हाक मारली तर शेपूट पन हलवत नाय, तो बावखलाच्या वळनावर आपोआप थांबायला लागला. तिथं वाट अरुंद, एका बाजूला बावखल, म्हंजे वाडीचं तळं, पानी कमी आनि गाळ जास्त. शेठचं नाक पाठीला लागलं की मंगच पुढचं पाऊल टाकायचा. त्याला कोनी शिकवलं नाय. मला इतक्या लोकांनी इतकं शिकवलं.

दुसरं भांडन आपलं संपलंच नाय. मी बोलायचो, ज्या दिवशी हा बसेल आनि उठनार नाय, त्या दिवशी डाक्टरला बोलवायचं, झोपेचं इंजेक्शन द्यायचं, हाल नाय करायचे. तू बोलायचास, मंग तुला पयलं द्यायला पायजे, तू तर रोजच उठत नायस. दर वेळी तसंच. पन एकदा आपन बावखलाच्या कडेला बसलेलो, तू ट्रंपेट पुसत होतास, आनि मी परत विषय काढला. तू हसला नायस. तू बोललास, "ते ठरवनारा मी कोन."

मी बोललो, मंग कोन, मी?

तू बराच वेळ माझ्याकडे बघितलंस आनि ट्रंपेट तोंडाला लावलीस. तिघं कान टवकारून आली. मला वाटलं विषय संपला.

मंग तू आजारी पडलास, तुला दवाखान्यात ठेवलं, तिथं तू मला विचारलंस, शेठ जेवला? मी बोललो, तुझ्यापेक्षा बरा जेवला. तू हसलास, नळी हलली, नर्सबाईने मला बाहेर काढलं. झालं. तेच आपलं शेवटचं. लोक जाताना काय काय सांगून जातात, घेऊन जातात. मी तुला कोंड्याची खबर दिली आनि तू ती घेऊन गेलास.

आता मुद्दा.

तुला घरी आनलं त्या सकाळी मी वाडीत गेलो. आमच्या खाडीकडच्या गावाला मयत झालं की घरात काय वाजत नाय. माझी आजी बैलांच्या गळ्यातल्या घंटा पन उतरवायची, कापडात बांधून फळीवर ठेवायची. बोलायची, मुक्या जनावराने पन दुखवटा धरायला पायजे. बटाटा चालला, माळ वाजली, आनि मला वाटलं, आत दादा झोपलाय आनि हे काय वाजतंय. मी ती काढली. आयुष्यात पयल्यांदा कोनी न सांगता मी एक रीत पाळली. मी ती घेऊन ओट्यावर गेलो तर वयनीने बघितली, डोळे पुसले, बोलली, बरं केलंस नाम्या. मला बरं वाटलं, दादा. लाज वाटते सांगायला, पन तुझ्या मयताच्या दिवशी मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

शेठला दोरीच्या आत सोडलं, बादली ठेवली आनि मी तुझ्याबरोबर निघालो.

बँडवाले सगळे आले होते. ड्रेस घालून. बस्त्यावने ढोल घेतला होता. पयल्या रांगेत तुझी जागा त्यांनी मोकळी ठेवलेली, तिथं कोनी चाललं नाय. तुझ्या घरापासून वाजवत निघाले, हळू चालीत, वाडीच्या कुंपनाबाजूने. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. मी शवपेटीच्या मागे होतो आनि तिथं पन माझं पाऊल चुकत होतं. समोर बघत होतो. वाडीकडे मी बघितलं नाय.

शेठला काय माहीत लग्न कोनतं आनि मयत कोनतं. बँड आला की निघायचं, एवढंच त्याला आयुष्यभर शिकवलेलं, आनि शिकवनारे कोन, आपन दोघं. दोरी सासूबाईसाठी होती, छातीने ढकलली की खाली. त्याने माळ ऐकायचा प्रयत्न केला असनार. माळ मी आजीसारखी कापडात बांधून फळीवर ठेवलेली. मंग तो तुझ्या बँडच्या आवाजाकडे गेला. आनि रस्ता आनि चिकू यांच्या मधे बावखल हाय.

आमी सिमेट्रीतून परत आलो तेव्हा सासूबाई ओरडत होती. बटाटा वळनावर, त्याच्या जागेवर उभा होता. आनि शेठ गाळात पोटापर्यंत. मी नंतर ठसे बघितले, दादा. चिकूपासून काठापर्यंत एका ओळीत, सारख्या अंतरावर. धडपडला नाय तो. वरातीच्या चालीत गेला.

मंग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. बँडवाले ड्रेससकट आत उतरले. सोनेरी पट्ट्या, पांढरे बूट, सगळं गाळात. केळीचे खांब तोडून शेठच्या पोटाखाली सरकवले, विहिरीचे दोर आनले. तुझा चुलतभाऊ सूटमधे, फादरनी झगा वर खोचलेला. मी हुशारी करायला पुढे गेलो, बोललो, त्याला माझी सवय हाय, आनि पाय घसरून मी पन आत. बस्त्याव बोलला, आधी घोडा काढा, हा बसू दे. बरोबर होतं त्याचं. वयनी काठावर काळ्या साडीत उभी होती. माझ्या डोक्यावर शेवाळ बघून तिला हसू आलं आनि मंग ते थांबेना, आनि मंग ते हसू नव्हतंच, आनि आमी सगळे तसेच गाळात उभे ऱ्हायलो.

काढला त्याला. पन तो उठला नाय. कंबरेतून मागचे पाय गेलेले.

डाक्टरबाई आल्या, विरारहून, तरुन पोरगी. त्याच्याजवळ बराच वेळ बसल्या. मंग उठून वयनीला बोलल्या, "आता हा उभा राहणार नाही. दुखणं कमी करायचं औषध देते, पण ते थोडाच वेळ टिकेल. निर्णय घ्या."

वयनी माझ्याकडे वळली. "नाम्या, तू बोलशील तसं."

मी काहीतरी मस्करी करायला तोंड उघडलं. नेहमी असते ती तिथं. नव्हती. आनि मला तू आठवलास, ट्रंपेट पुसताना बघत होतास तसा. मी डाक्टरबाईंना बोललो, सकाळपर्यंत थांबा.

सकाळी डाक्टरबाई परत आल्या, सगळे जमले, आनि मी फळीवरची माळ काढली. बटाट्याच्या गळ्यात बांधली आनि त्याला शेठच्या पुढ्यातून चालवला. मला वाटलं, माळ काढल्याने पडला, तर माळ घातल्याने उठेल. एवढीच माझी अक्कल. छुनछुन झालं आनि शेठने मान उचलली. पुढचे पाय टाकले. अर्धा वर आला. बस्त्याव बोलला, उठतोय, उठतोय. सगळे जवळ आले, वयनीने क्रूस केला. तो धपकन खाली आला. बटाटा थांबला, मागे नाक लागायची वाट बघत. अंगावरची माशी उडवायला त्याने मान हलवली, माळ परत वाजली आनि शेठ परत पुढचे पाय टाकून वर. परत खाली. परत वर. नाकातून वारा असा निघत होता त्याच्या, अंग सगळं घामाने काळं पडलं, आनि बस्त्याव बोलतोच हाय, उठतोय.

मी एवढ्या वरातींच्या गर्दीत त्याला कधी घाबरताना बघितला नव्हता. आता पन घाबरला नव्हता. माळ वाजतेय म्हंजे जायचं हाय, एवढंच. वाजत ऱ्हायली असती तर तो थांबलाच नसता. त्याच्यात काय शिल्लक ऱ्हायलं नसतं तरी नाय.

मी माळ मुठीत धरली. आवाज बंद झाला. मंग बक्कल सोडलं. शेठने डोकं खाली ठेवलं आनि एक लांब श्वास सोडला, वरात संपली की सोडायचा तसा.

मी डाक्टरबाईंना बोललो, द्या.

त्या बोलल्या, बाकीच्या दोघांना आधी लांब बांधा. मी नाय बोललो. त्यांनी विचारलं, का. मी बोललो, बाई, कळपातलं जनावर एकटं जेवत नाय. त्यांना काय कळलं देवाला माहीत, पन त्या सुई भरायला बसल्या. मी कोंडा कालवला, केळी कुस्करली, बादली त्याच्या तोंडाशी धरली. बाजूला सासूबाईला आनि बटाट्याला गवत टाकलं. शेठने जिभेने थोडं केळ घेतलं. इंजेक्शन गेलं तेव्हा दोन्ही बाजूला गवत चावल्याचा आवाज येत होता. बाकी वाडीत कायच वाजत नव्हतं.

तेवढं मी तुझं ऐकलं, दादा. तेवढंच.

मंग सासूबाई आली, त्याच्या मानेचा वास घेतला, कानाचा घेतला. आनि वळून माझ्याकडे आली. मी बोललो, आता चावनार. मी तसाच उभा ऱ्हायलो, बोललो चाव. ती चावली नाय. माझ्या खांद्याजवळ तोंड आनून नुसती उभी ऱ्हायली. तुझ्या पेटीवर माती टाकताना मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

कोपऱ्यातल्या नारळाशेजारी जेसीबीने खड्डा खनला, तिथं हाय तो.

आता सगळे आपापल्या डोक्यावर घ्यायला लागलेत. बस्त्याव बोलतो, आमी त्या रस्त्याने वाजवायला नको होतं. वयनी बोलते, मी माळ बघून बरं केलंस बोलले. मी बोललो, रांगेत या, माझा नंबर पयला हाय. हसले दोघं. मी लोकांना हसवून घरी पाठवतो आनि मंग मी आनि बादली ऱ्हातो. अजून सकाळी हात आपोआप कोंडा भिजवतो. कालवून झाल्यावर कळतं. सासूबाईपुढे ठेवतो. तिला एवढी वर्षं जी बादली पायजे होती ती मिळाली, तर ती तोंड लावत नाय.

तू का ठरवलं नायस ते मला आता कळलं. ठरवल्यावर मानसाला घास उतरत नाय. वयनी ताट वाढते, ओट्यावर बसवते, स्वतः समोर बसून चावते, मला ऐकायला यावं म्हनून. तिला तू सांगितलंस की तिचं तिला कळलं?

रोज विचारतो मी तुला, बरोबर केलं का रे. तू आयुष्यभर माझ्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोललास, शर्टाच्या बटनावर पन बोललास. आता एवढी मोठी गोष्ट केली तर तू गप्प.

बटाटा अजून बावखलाच्या वळनावर थांबतो. पयल्या दिवशी मी ओढला, ढकलला, शिव्या दिल्या, हलला नाय. तसाच उभा, मान थोडी मागे. आता मला उपाय सापडलाय. मी मागून जातो. तो थांबला की मी वाकतो आनि त्याच्या पाठीला कपाळ टेकवतो. मंग तो चालतो. एवढी वर्षं घोड्यापुढे चाललो, आता घोड्याची जागा मिळाली, आयुष्यातली माझी पयली बढती. तू असतास तर बोलला असतास, एकाला दिसत नव्हतं ते गेलं, एकाला कळत नाय ते ऱ्हायलं.

माळ परत त्याच्या गळ्यात घालायला वयनी बोलते. मी घालत नाय. माझ्या खिशात असते. चालताना वाजते, तर नारळाजवळून जाताना मी ती मुठीत घट्ट धरतो. ऐकली तर शेठ परत उठायला बघेल.